खंड्याच्या पायातली तार

"काका, पायावरची तार कुणी काढली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मीच."

"तारेनं कापलेली नस तारेनंच दाबून धरली होती. ती सुटली आणि रक्त वाहून गेलं. कुत्रा शॉकमध्ये आहे."

शॉक म्हणजे घाबरणं नव्हे. रक्त इतकं कमी होतं, की मेंदूला, मूत्रपिंडांना पुरत नाही. खंड्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

सकाळी आमच्या कलमांच्या बागेलगत तो रानडुकरांसाठी लावलेल्या फासात सापडला. तार मांडीत रुतलेली. त्याचं केकाटणं ऐकवेना. मी पकडीनं फास कापून तार ओढून काढली, टॉवेल गुंडाळला आणि रिक्षानं रत्नागिरी गाठली. तुमच्यावर अशी वेळ आली, तर तार जमिनीतल्या खुंटीला बांधलेली असते तिथून कापा, पायातली तशीच राहू द्या. रक्त येत असेल तर फडकं घट्ट दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. मला हे दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर कळलं.

आत ऑक्सिजन आणि सलाइन चालू होतं. ऑपरेशन लगेच का नाही, असं मी विचारलं.

"आधी स्टेबल करू. श्वास आणि नाडी ताळ्यावर यायला हवी, नाहीतर भूल सोसणार नाही. रक्त लागेल. मोठा, निरोगी कुत्रा मिळेल का?"

मी शेजारच्या दत्तारामला फोन केला. फास त्यानंच लावले होते. मला ते महिनाभर ठाऊक होतं. डुकरं माझाही सुरण उकरत होती, म्हणून गप्प राहिलो.

तो तासाभरात आपला वाघ्या घेऊन आला. रक्त काढून होईपर्यंत वाघ्याचं डोकं मांडीवर धरून बसला.

"वाचेल ना, भाऊ?" एवढंच त्यानं विचारलं.

दुपारी नाडी जरा भरली. तीनच्या सुमारास थांबली. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ छाती दाबून पाहिली. सकाळपासून त्या जेवल्या नव्हत्या. खंड्याच्या अंगावरचं रक्त त्यांनी स्वतः पुसलं, मगच त्याला माझ्या हाती दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

बाहेर आल्यावर दत्ताराम म्हणाला, "तार माझी होती."

"मला ठाऊक होतं."

"मग बोललात का नाही?"

कुत्रा कसा गेला असं आता कुणी विचारलं, की मी त्या सकाळपासून सांगत नाही. महिनाभर आधीपासून सांगतो.