जेवण झालं का, हे कागदावर नव्हतं

आमचे मालक हळदीच्या ढिगाला टेकून बसले होते ते बसल्याबसल्या आडवे झाले. मी पोचले तेव्हा अंग घामानं निथळत होतं, दात आवळलेले होते, आणि डोळे उघडे असूनही ते माझ्याकडं बघत नव्हते. शेतावर मजुरांच्या चहासाठी साखर होतीच. मी तांब्यात मूठभर ढवळली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. भोवती बाया गोळा झाल्या. एक म्हणे कांदा हुंगवा, दुसरी म्हणे पाजा लवकर, बघता काय.

मुलानं नातीला फोन लावून माझ्या कानाला धरला. नात हिंगोलीला कॉलेजात होती.

"आजी, काय झालं?"

"तुझे आजोबा पडले. घामानं भिजलेत. साखरपाणी पाजून राहिले."

"थांब! ते बोलतात का? हो का नाही, एवढंच सांग."

"न्हाई."

"हाक मारली तर बघतात?"

मी हाक मारली. "न्हाई."

"मग तोंडात काही घालू नको. थेंब पण नको. गिळता येणार न्हाई, श्वासात जाईल."

"कागदावर तूच लिहिलं ना, साखरपाणी द्या म्हणून?"

"ते शुद्धीवर असले तर, आजी." तिचा आवाज फाटला. "मी ते लिहिलंच न्हाई. तू त्यांना कुशीवर कर. बाबाला म्हण जीप थांबव. दवाखान्यात न्या, तिकडून सांग मला."

मी तांब्या ओतून दिला. जिच्या हातातला तांब्या अर्ध्या वाटेवरून मागं घ्यावा लागतो, तिला कसं वाटतं ते मला माहीत आहे. कुशीवर केलं. मुलगा रस्त्याकडं पळाला.

तो कागद कसा आला ते सांगते.

मालकांना साखरेचा आजार आहे. रोज सकाळी आठ वाजता इन्सुलिन टोचावं लागतं. ते काम माझं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण आकडे वाचता येतात, आणि सुईला मी भीत नाही. नात तेव्हा संगणकाच्या पहिल्या वर्षाला होती. आमच्या गावातून सेनगाव, तिथून हिंगोली, रोज एसटीनं जाते. तिला सी नावाची भाषा शिकवायला लागले. एक दिवस ती चुलीपाशी लॅपटॉप घेऊन बसली.

"आजी, चहाला दूध असलं तर काय करती?"

"चहा करते."

"नसलं तर?"

"तुझ्या आईला बोलते."

ती हसली. म्हणाली, "हेच आहे बघ. जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर. कॉम्प्युटरला असंच लिहून द्यावं लागतं. एक एक अट घालायची. अट खरी निघाली तर तो पहिला रस्ता धरतो, खोटी निघाली तर दुसरा."

"आणि तू लिहायचं विसरली तर?"

"तर तो विचारत न्हाई. त्याला अक्कल नसते. लिहिलं तेवढंच करतो."

"तुझ्या आजोबासारखा," मी म्हणाले. मालक ओसरीवरून म्हणाले, "ऐकून राहिलो मी."

सरांनी वर्गाला घरच्या उपयोगाचा एक प्रोग्राम करायला सांगितला होता. तिनं आजोबांच्या साखरेचा केला. मला शेजारी बसवून घेतलं. मी साखरेचा आकडा सांगायचा, तिनं तो टाकायचा, आणि काळ्या पडद्यावर उत्तर यायचं. पहिल्यांदा मी तीनशे सांगितला. यंत्र म्हणालं, रोजचं इंजेक्शन द्या.

"हे कसं?" मी विचारलं. "तीनशेला तर डॉक्टरला विचारायचं असतं."

तिनं पडद्यावरच्या ओळी बोट लावून वरून खाली वाचल्या. मग कपाळावर हात मारून घेतला. तिनं सगळ्यात वर लिहिलं होतं की आकडा सत्तरपेक्षा जास्त असेल तर रोजचं इंजेक्शन. तीनशे हा सत्तरपेक्षा जास्तच. पहिली अट खरी निघाली की यंत्र खालच्या अटी वाचतच नाही. तिनं वरचं खाली केलं. आधी सत्तरपेक्षा कमी आहे का ते बघायचं, असेल तर साखरपाणी. नाहीतर अडीचशेपेक्षा जास्त आहे का, असेल तर डॉक्टरला फोन. यातलं काहीच नसेल तर रोजचं इंजेक्शन. मग मी साठ सांगितला, एकशेवीस सांगितला, पुन्हा तीनशे सांगितला. सगळी उत्तरं बराबर आली. सरांनी वर्गात तिला उभं करून शाबासकी दिली. तिनं तेच मोठ्या अक्षरात कागदावर लिहिलं आणि माझ्यासाठी फडताळाच्या दाराला चिकटवलं.

त्या आधी माझी एक रीत होती. ती मला कुणी शिकवली नव्हती. मालक ताटावर बसायचे, भाकरीचा पहिला तुकडा मोडायचे, तोवर मी सुई हातात घेत नसे. त्यांच्या तोंडचं खरं धरत नसे. जेवतो म्हणतात आणि उठून बैलाकडं जातात, असा माणूस. पण कागद आला आणि मी ती रीत सोडली. कागदावर ती नव्हती. शिकलेल्या पोरीनं लिहिलंय, सरांनी बघितलंय, त्यात जे नाही त्याची गरजच नसणार, असं मी धरलं. कमी शिकलेल्या माणसाला लिहिलेल्याचं फार वाटतं. मला वाटलं. त्याची लाज झाकून काय करू?

आमच्या घरात हळद शिजवायच्या पहिल्या दिवशी घरधनी पहिली कढई उतरेपर्यंत जेवत नाही. आता कढईच्या जागी वाफेचा कुकर आला, ट्रॅक्टरला जोडून शेतात आणतात, पण नेम तसाच राहिला. दरवर्षी पहाटे काम लागतं, आठच्या आत पहिली हळद खाली येते, मालक हात धुऊन जेवतात. कधी अडचण आली नाही. त्या दिवशी कुकर दुसऱ्याच्या शेतात अडकला. सकाळी आठ वाजता मी त्यांच्या बोटाचं रक्त घेऊन साखरेच्या मशीनवर आकडा बघितला, एकशेअठरा. कागद बघितला. सुई टोचली. मालक म्हणाले, "येईलच आता कुकर," आणि शेतात गेले. कुकर आला अकरा वाजता. तोवर ते उपाशी, उन्हात, हळदीचे ढीग सारत होते. मी घरी भाकरी करून बसले होते. मला सुचलं नाही. साडेअकराला भाकरी घेऊन मी शेतात गेले, तेव्हा पहिली हळद नुकतीच उतरत होती आणि ते आडवे झाले होते.

मुलानं सेनगावला जाणारी जीप थांबवली. आतल्या माणसांनी सरकून जागा केली. मालकांना कुशीवरच निजवलं, डोकं माझ्या मांडीवर. मी सगळा वेळ त्यांच्या छातीवर हात ठेवून होते. वर होते, खाली होते, एवढंच बघत होते. देवाचं नाव घेतलं नाही, तेवढी सवड नव्हती.

दवाखान्यातल्या बाईनं बोटाला सुई टोचून आकडा बघितला आणि पळतच सलाईन आणली. मी आकडा विचारला. अठ्ठावीस. शिरेतून साखर दिली. सुपारी कातरून खायला लागतो तेवढ्या वेळात मालकांनी पापणी हलवली. मग माझ्याकडं बघितलं. खरंच माझ्याकडं.

"पहिली हळद उतरली का?" ते म्हणाले.

"उतरली. तुमी पण उतरला होता."

"मग भाकरी आण की."

दवाखान्यातली बाई हसली. मला नाही हसू आलं. मी बाहेर जाऊन नळाला तोंड लावलं आणि पोटभर पाणी प्याले.

नात दोनला हिंगोलीहून पोचली. आजोबांच्या पायाशी फरशीवर बसली. घरी आल्यावर फडताळाचा कागद टराटरा फाडला आणि म्हणाली, "मी कॉलेज सोडते."

"सोड. मग काय करशील?"

"काही पण."

"भाकरी तर करपवती तू."

तिला रडू फुटलं. मी जवळ घेतलं नाही, तशी मी नाही. वही पुढं सरकवली. "लिही."

"काय?"

"जेवण. आधी ते विचार. तुला ते सुचलं न्हाई, कारण तुझ्या पुढं ताट रोज येतं. मला ठाऊक होतं ते मी तुला सांगितलं न्हाई. बराबरीची चूक आहे. लिही."

तिनं नाक पुसलं. "म्हणजे इंजेक्शनच्या अटीच्या पोटात अजून एक अट घालायची," ती म्हणाली. "आकडा ठीक असेल, आणि ताट पुढं असेल, पहिला घास मोडला असेल, तरच. नाहीतर थांबायचं. आणि साखरपाण्याच्या आधी विचारायचं, शुद्धीवर आहेत का." मग म्हणाली, "आजी, तू सांगत जा. मी आकडेच घालून बघते. माणूस कसं वागतं ते तुला ठाऊक."

मी सांगत बसले. ताप आला तर. उलटी झाली तर. लग्नात तिसऱ्या पंगतीपर्यंत ताट आलंच नाही तर. एकादशी असली तर. रुसून उठले तर.

"रुसून?" ओसरीवरून मालक म्हणाले. "मी कवा रुसलो?"

"तुमी गप पडा, डॉक्टरनं पडायला सांगितलंय."

नात लिहीत गेली. काही अटींना काय उत्तर द्यायचं ते तिलाही येईना, मलाही. तिथं तिनं लिहिलं, डॉक्टरला विचारा. दुसऱ्या दिवशी वही घेऊन ती खरंच डॉक्टरकडं गेली, आणि तिथून कॉलेजला.

यंदाच्या हळदीला मालक शेतात होते. आठ वाजता जेवले, पहिली हळद उतरायच्या आधी. कुरकुरले, पण जेवले. ते जिवंत आहेत.