चौदावी फेरी

पहाटेपासून शमालचा वाळूवारा सुटलेला. आखातातल्या दुखानच्या वसाहतीत अशा दिवशी वाळू फटीफटीतून आत शिरते आणि एसीच्या जाळ्यांत जाऊन बसते. अबूबकर सकाळपासून साहेबलोकांच्या जाळ्या काढून नळाखाली धूत होता. हात कामात, जीव मात्र दुपारकडे. गावचा माणूस आदल्या दिवशी विमानानं उतरला होता, आणि जन्नतनं त्याच्याजवळ कॅसेट दिली होती.

बायको जन्नत आणि लेक रिफत रत्नागिरीकडे खाडीकाठी. फोनवर नुसती घाई, म्हणून दोन्हीकडून कॅसेटी भरायच्या नि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती द्यायच्या. मागच्या रजेवरून तो परतला तेव्हा रिफत जेमतेम शाळेत जायला लागलेली. पोरीनं बापाला विसरू नये म्हणून त्यानं कॅसेटीवर तिला एक लढाई सांगायला घेतली. त्याचा आजा आगबोटीवर आगवाला, भट्टीत कोळसा ओढणारा. एकोणीसशे आठच्या नाताळात बोट सिडनीला लागली, तेव्हा आज्यानं काळा जॅक जॉन्सन आणि गोरा टॉमी बर्न्स यांची मुष्टियुद्धाची झुंज झाडावर चढून पाहिलेली. हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी काळ्याला रिंगणात घ्यायची ती पहिलीच खेप.

एका कॅसेटीला एक फेरी.

"बघ, हसतोय गं रिफत! मार खाताखाता हसतोय, नि टॉमीला म्हणतोय, हान अजून, हान!" असं तो सांगायचा, आणि शेजारच्या खाटेवरून वसईचा रॉय, स्टोअरमधला कारकून, प्रेक्षक होऊन शिट्ट्या मारायचा.

तेराव्या फेरीला मात्र अबूबकर थांबला. "चौदावी मी आलो की. समोर बसून."

मग रजा अडली. एकदा प्लांटचं काम निघालं, एकदा बदली माणूस आला नाही. पण घरच्या प्रत्येक कॅसेटीत रिफत विचारायचीच, "बाबा, चौदावी कदी?" तेवढ्यावर त्याचे महिने निघायचे.

दुपारी रॉयनं टेप लावला. आधी जन्नत बोलली. विहीर, आंबे, सासूचे गुडघे. मग रिफत. आवाज केवढा मोठा झालेला!

"बाबा, चौदावी फेरी मना नफिसाफुफूनी सांगितलान. बर्न्स पडला, पोलिस शिरले नि लढाई बंद केलानी. जॉन्सन जिंकला. फुफूला समदी येते, आज्यानी तिला पन सांगितलेली. बरं, मना सायकल येते आता. जाऊ? पोरी थांबल्यात."

पुढे नुसती खरखर. अबूबकरनं ती बाजू संपेपर्यंत ऐकली. कदी येनार, असं कुठंच नव्हतं. आजा एकट्याचा नव्हता, बहिणीचाही होता, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"आयला, तुझी बहीणच निघाली पंच!" रॉय म्हणाला. मग त्याचं तोंड बघून हळूच, "अरे, दुसरी लढाई लाव की. तुझा जॉन्सन काय एकदाच लढला?"

"तो लढला रे पुष्कळदा. आजा सिडनीला एकदाच गेलेला."

रॉयनं कोरी कॅसेट पुढं केली. अबूबकरनं ती घातली, बटण दाबलं. "रिफत," म्हणाला. चाक आपलं फिरत राहिलं. शेवटी म्हणाला, "सायकल जपून चालव गं. उतारावर ब्रेक धर."

बटण बंद केलं. आज डाळीची पाळी त्याची होती. उठला, डबा काढला आणि मसूर परातीत ओतून खडे वेचायला बसला.