भुताचे डोळे लाल करू नका

"बाकी सब ठीक है, पण त्या चुडैलचे डोळे लाल करा," बन्सलजी म्हणाले. "और थोड़े दाँत लगाओ."

बन्सलजी आमच्या पिक्चरचे प्रोड्यूसर. गाज़ियाबादला त्यांचं टाइल्सचं शोरूम. पिक्चर थिएटरात लावण्याआधी पब्लिकचं मत घ्यायचं म्हणून त्यांनी नोएडातला एक लहानसा प्रीव्ह्यू हॉल घेतला होता आणि घरचे लोक, शोरूमचा स्टाफ, शेजारीपाजारी आणून बसवले होते. मी मागच्या रांगेत. मी त्या पिक्चरचा लाईटमन.

आणि ज्या बाईला ते चुडैल म्हणत होते ती माझी बायको. सुमन. दिवाळीनंतर ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. ती या पिक्चरमध्ये आहे हे मलासुद्धा त्या हॉलमध्ये बसल्यावरच कळलं.

आता पहिल्यापासून सांगतो.

माझं शिक्षण सातवी. मेव्हणा दिल्लीला सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये होता, त्याच्या मागे आलो आणि लाईटच्या कामाला लागलो. आधी सरकारी माहितीपट केले. मंत्री फीत कापतात, धरणाचं पाणी सुटतं, असले. मग खाजगी चॅनेल आले आणि एकदम कामच काम झालं. ज्याच्या हातात कॅमेरा तो डायरेक्टर. विकी त्यातलाच. लग्नाच्या कॅसेट काढणारा पोरगा. मनाने चांगला, खिशाने फाटका.

त्याने ठरवलं की फाउंड फुटेज भूतपट करायचा. मी म्हटलं, ते काय असतं? तर असं की चार मुलं कुठेतरी जातात आणि मरतात. मागे त्यांचा हॅंडीकॅम सापडतो. त्यातली कॅसेट आपण बघतोय, असं नाटक. म्हणजे कॅमेरा हलला तरी चालतं, फोकस गेला तरी चालतं. मोठा नट लागत नाही. विकीला परवडेल असं एवढंच होतं.

"पवार अंकल, लाईट ऐसी देना कि लगे लाईट दी ही नहीं," तो मला म्हणाला.

जन्मभर लोकांचे चेहरे उजळवले आणि आता म्हणे अंधार दे. पण अंधार असाच मिळत नाही, तो करावा लागतो. त्यातून हिरोइन होती मयूर विहारची, आमच्याच मागच्या सोसायटीतली. तिच्या वडिलांची अट की मुलगी दिवेलागणीच्या आत घरी पाहिजे. त्यामुळे आमचा सगळा भूतपट भर दुपारी शूट झाला.

जागा गाज़ियाबादच्या बाहेर. बिल्डरने टॉवर उभे केले होते, लोक अजून राहायला यायचे होते. सगळे टॉवर सारखे, सगळे मजले सारखे, दारांवर नंबरसुद्धा नाहीत. एका फ्लॅटच्या खिडक्या मी काळ्या कपड्याने बंद केल्या. चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या. म्हणजे आत रात्र. दाराचा कपडा मात्र चिमट्यांवर टांगला, येण्याजाण्यासाठी. विकी कटकट करायचा की तिथून उजेड येतो. मी म्हणायचो, येऊ दे.

कारण ही पिशवीत डबा घेऊन यायची. बाहेरचे छोले मला पचत नाहीत. मयूर विहारहून बस, मग रिक्षा, मग त्या सारख्या दिसणाऱ्या टॉवरांतून मला शोधत यायची. डबा माझा म्हणून आणायची आणि थालीपिठं सगळ्या युनिटला पुरतील एवढी असायची. विकी तर तिची वाटच बघायचा.

एक दिवस ही गच्चीवर आली, मी तिथे केबल ओढत होतो. म्हणाली, "अहो, मी चुकून दुसऱ्याच दारात शिरले. आत नुसता अंधार, आणि एक पोरगी जमिनीवर बसून रडत होती."

"अगं, शूटिंग चालू होतं ते!"

"ते कळलं मला. म्हणून आले ना मागे. पण जेवलीस का, एवढं तरी विचारायला हवं होतं."

मी हसलो. विषय संपला.

तो शॉट असा होता की कॅमेरा जमिनीवर पडलाय, आपोआप चालू आहे आणि हिरोइन एकटी रडतेय. खोलीत दुसरं कोणी नको म्हणून डायरेक्टर स्वतः बाथरूममध्ये लपलेला. नंतर एडिटिंगला त्याला दिसलं की मागे दारात कोणीतरी उभं आहे. मागून उन्हाचा लोट, चेहरा नीट दिसत नाही. त्याला वाटलं बांधकामावरची मजूर बाई असेल. त्याने शॉट ठेवून दिला.

हॉलमध्ये तो शॉट आला आणि लोक किंचाळले. शोरूमच्या कॅशियरने शेजाऱ्याचा हात धरला. मी मात्र बघितलं की बाईने पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, मोकळा हात जरासा पुढे केला, आणि मग पदर सावरून मागे फिरली. पिशवी अशी घेणारी बाई मी एकच बघितली आहे. उठावं की बसावं कळेना.

दिवे लागले. मतं सुरू झाली.

"कॅमेरा इतका हलतो, मला तर मळमळलं."

"गाणं एक पण नाही?"

"भूत पाठी लागलंय तर हा माणूस कॅमेरा का नाही फेकत? पागल है क्या?"

"सगळे मेले, मग कॅसेट आणली कोणी?"

बन्सलजींचे साडू म्हणाले, "फ्लॅट अच्छे हैं. कौन से सेक्टर में हैं?"

ज्या भुतावर विकीने दोन तास मेकअप चढवला होता त्याला एकही माणूस घाबरला नव्हता. सगळे दारातल्या बाईबद्दलच बोलत होते. तेव्हा बन्सलजींनी लाल डोळ्यांची फर्माईश केली. विकी म्हणाला, "हो जाएगा सर, कॉम्प्युटर पे. आवाज भी डाल देंगे, गुर्राने वाली."

पुढच्या रांगेत बन्सलजींच्या आई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, ये डराने थोड़ी आई है. लड़की रो रही है, ये तो पूछने आई है."

सगळे हसले. बन्सलजी म्हणाले, "माताजी, ये हॉरर पिक्चर है."

मी उभा राहिलो. मला गोड बोलता येत नाही. "डोळे लाल करायचे नाहीत. दात लावायचे नाहीत," मी हिंदीत म्हणालो.

"आप कौन?"

"लाईटमन."

"तो भाईसाहब, आप लाईट देखिए."

"तेच बघतोय. ती माझी बायको आहे. मेली ती. तिला चुडैल केलंत तर मी इथून हलणार नाही."

विकी माझ्याकडे वळला. "आंटीजी?" तो म्हणाला. "थालीपीठ वाली आंटीजी?"

मी मान हलवली.

विकी रिकाम्या पडद्याकडे बघत राहिला. मग बन्सलजींना म्हणाला, "सर, इनको मैं हाथ नहीं लगाऊँगा. आप किसी और से करवा लो."

"पिक्चर पिट जाएगी," बन्सलजी म्हणाले.

"पिटने दे," माताजी म्हणाल्या. मग त्या हळूहळू मागच्या रांगेपर्यंत आल्या आणि मला म्हणाल्या, "नाम क्या था?" मी नाव सांगितलं. त्या माझ्या शेजारी बसल्या. बराच वेळ बसल्या.

पिक्चर पडला. गाज़ियाबादच्या एका थिएटरात शुक्रवारी लागला आणि पुढच्या शुक्रवारी उतरला. बाहेर पडताना एक माणूस मित्राला सांगत होता, "पूरी फ़िल्म में एक ही सीन ढंग का है, और उसमें भूत है ही नहीं." बरोबर बोलला.

तो आठवडाभर मी रोज जाऊन बसलो. बाकीचे किंचाळायचे, मी पिशवीकडे बघायचो. विकीने नंतर मला तेवढाच तुकडा कॅसेटवर काढून दिला. कॅसेटला आता बुरशी लागली आहे, आणि चालवायला मशीनही नाही. पण काही बिघडत नाही. मला तो पाठ आहे.

तिने विचारलं नाही हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं. तिचा हात पुढे झाला होता, हे तिला सांगायचं राहिलं.

लाईटच्या कामाला नवीन लागलेली पोरं भेटली तर त्यांना मी एकच सांगतो. खिडक्या चिकटपट्टीने बंद करा, चारही कडा. दाराचा कपडा मात्र चिमट्यांवर ठेवा. उजेड येतो म्हणून डायरेक्टर ओरडेल. ओरडू दे.