नंदीच्या लाकडाचं विमान

बाबांनी ताईसाठी कोरलेला सागवानी नंदी मी करवतीनं कापला, आणि वर खोटं बोललो की त्याला वाळवी लागली होती.

पासष्टच्या लढाईनंतर आम्हा कॉलेजच्या पोरांना नॅट या चिमुकल्या लढाऊ विमानाचं वेड लागलं होतं. वर्तमानपत्रातल्या फोटोवरून मापं काढून मी त्याची प्रतिकृती करायला घेतली. फळांच्या खोक्याचं लाकूड पावसाळी हवेनं दोनदा वाकलं. घरात मुरलेलं लाकूड एकच होतं, माळ्यावरचा नंदी. बाबा गेले होते, ताई लग्न होऊन खापरखेड्याला. आता त्याच्याशी कोण खेळतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पोळ्याला ताई आपल्या दीड वर्षाच्या मुलाला घेऊन माहेरी आली. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात, पोरांच्या लाकडी बैलांच्या मिरवणुकीत, त्यानं तोच नंदी ओढावा, एवढीच तिची हौस होती. आई माळ्यावर चढायला लागली तेव्हा मी वाळवीचं सांगितलं. "चाकांची पाटी तेवढी वाचली," म्हणालो. आई ती पाटी पदरानं पुसत बसली.

ताईनं माझ्या टेबलावरचं बिनरंगाचं विमान उचललं. वैमानिकाच्या जागेमागे लाकडात एक काळी गाठ होती. तीच गाठ आधी नंदीच्या वशिंडावर होती आणि लहानपणी ताई येता-जाता तिच्यावरून बोट फिरवायची. तसंच तिनं आताही फिरवलं. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"जाऊ दे वं आई, लाकूडच ते," ती म्हणाली. मग मला, "डावा पंख उतरला आहे गा. सरळ कर. रंग मी देते."

मुलाच्या हातातलं कडं काढून तिनं पंखांवर तिरंगी गोल आखले. दुसऱ्या दिवशी ते विमान नंदीच्या पाटीवर बसवून, दोरी मुलाच्या हातात देऊन ती गल्लीत निघाली.

"काहून वं, यंदा बैलाले पंख फुटले काय?" शेजारच्या काकू ओरडल्या.

"हो ना काकू! चाराबी लागत नाही त्याले."

सगळे हसले. काकूंनी माझ्या भाच्याच्या मुठीत बोजारा म्हणून चार आणे ठेवले. मी मागे चालत होतो. ताईनं माझी लाज राखली होती, वर माझं विमानही पुरं करून दिलं होतं. त्या दिवसाइतकं मला कुणी काही दिलेलं नाही.

इतक्या वर्षांनी, आता म्हातारपणी, मागच्या पोळ्याआधी मी स्वतः एक सागवानी नंदी कोरला आणि खापरखेड्याला घेऊन गेलो. ताईनं तो मांडीवर घेतला, वशिंडावर बोट फिरवलं.

"गाठ नाही गा याले."

"ती विमानात आहे, ताई," मी म्हणालो. "वाळवी नव्हती लागली. बाबांचा नंदी मीच कापला. चुकलं माझं. मले माफ कर."