खंदक म्हणजे खणलेलं

माझी आत्या शब्दकोशाच्या कचेरीत नोकरीला होती, आणि तिचा राग घरात सगळ्यांना पाठ होता. जेवताना कुणी एखादा शब्द चुकीचा वापरला की तिचा घास हातातच राहायचा. लग्न केलं नाही, कारण बघायला आलेल्या मुलानं 'आभार' आणि 'उपकार' एकच असं सांगितलं. आई म्हणायची, "वन्सं, अशानं जन्मभर एकट्या राहाल." तशी ती राहिली. पण मला सांगायचंय ते तिच्या वेगळ्याच रागाबद्दल. तो अजून माझ्याही डोक्यातून गेलेला नाही.

कचेरी म्हणजे एक लांबट खोली. भिंतींना लोखंडी कपाटं, कपाटांत शब्दांच्या चिठ्ठ्या, आणि पंख्यानं त्या उडू नयेत म्हणून प्रत्येक टेबलावर गुळगुळीत दगड. तिथला एक दंडक आत्यानंच घालून दिला होता. अर्थ दुसऱ्या पुस्तकातून उचलायचा नाही. जिवंत माणसाच्या तोंडचं वाक्य मिळालं तरच घ्यायचा. त्यासाठी ती गवंड्यांशी, धोबिणींशी, भंगारवाल्यांशी बोलत बसायची आणि घरी चपला झिजवून यायची.

'खंदक' तिच्या वाट्याला आला तेव्हा तिला फार हिंडावं लागलं नाही. कचेरीतला शिपाई चहा ठेवता ठेवता म्हणाला, "पोरगा केबलच्या कामावर लागलाय, बाई. दिवसभर खंदकात असतो, वर आला की मलाच ओळखू येत नाही." आत्यानं वाक्य टिपलं. शब्दाचं मूळही शोधलं आणि रात्री जेवताना आम्हाला ऐकवलं. फारसीत खणणं म्हणजे 'कंदन'. त्यावरून जे खणलेलं, ते अरबीत जाऊन खंदक झालं आणि फिरत फिरत आपल्याकडे आलं. "किल्ला, शत्रू, मगरी हे सगळं मागाहून चिकटलं," ती म्हणाली. "मुळात शब्द एवढंच सांगतो, की कुणीतरी खणलंय." त्या दिवशी ती इतकी खूश होती की वडिलांनी 'बेफाम'च्या जागी 'बेफिकीर' म्हटलं तरी तिनं सोडून दिलं.

कोश छापायच्या वेळी संपादकांनी पानं कमी करायला सांगितली. आत्यानं स्वतःच्या हातानं शब्दाचं मूळ कापलं, कशासाठीही खणलेला लांब चर हा दुसरा अर्थ कापला, शिपायाचं वाक्य कापलं. उरलं ते एवढंच: किल्ल्याभोवती शत्रूला अडवण्यासाठी खणलेला खोल चर.

पुढे काही वर्षांनी शिपायाच्या त्या पोराच्या अंगावर माती कोसळली आणि तो गेला. रस्त्याच्या कडेला केबलसाठी पुरुषभर खोल खणलं होतं आणि बाजूला एकही फळी लावलेली नव्हती. चौकशी बसली. नियमात लिहिलेलं होतं, खंदकात माणूस उतरवण्याआधी दोन्ही बाजूंना फळ्यांचा आधार द्यावा. ठेकेदाराच्या वकिलानं आत्याच्याच कचेरीचा कोश उघडला, अर्थ मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "मग इथे किल्ला कुठाय? शत्रू कोण?" लोक हसले म्हणे. खंदक नाही म्हणून नियम नाही, नियम नाही म्हणून ठेकेदाराची चूक नाही, म्हणजे पोरगाच बेसावध. त्याचा बाप त्या हसण्यात बसून होता.

दुसऱ्या दिवशी मी आत्याचा विसरलेला चष्मा द्यायला कचेरीत गेलो होतो. शिपायानं कप ठेवला, पण तो गेला नाही. "बाई, पोरानं हलगर्जीपणानं जीव घालवला, असं कागदावर येणार. तुमच्या पुस्तकात लिहिलंय म्हणून."

आत्या तडक संपादकांच्या टेबलाशी गेली. ते म्हणाले, "आपण अर्थ देतो, साक्षी देत नाही. कोशाचं नाव उगाच चौकशीत नको."

"कालच आलंय," आत्या म्हणाली. "कुणाच्या बाजूनं आलंय ते विचारा."

संपादक पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले. बघू म्हणणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून शिसारी येते.

आत्या चौकशीला गेली, मी सोबत होतो. तिनं उभं राहून सांगितलं, "तो अर्थ मी लिहिलाय आणि तो अर्धा आहे." मग 'कंदन'पासून सगळं सांगितलं.

"म्हणजे छापलेलं खोटं?" वकिलानं विचारलं.

"खोटं नाही. तोकडं."

चौकशी अधिकारी सभ्य होता, तेच जास्त लागलं. "बाई, तुमचा दुसरा अर्थ छापील कुठे आहे?"

"कुठेच नाही. मी कापला."

"मग आम्ही काय धरायचं?"

"शब्द कशाला धरता? माती धरा. अंगावर पडताना ती विचारते का, तू शत्रू आहेस का म्हणून?"

या वेळी कुणी हसलं नाही. पण कुणी लिहूनही घेतलं नाही. निकाल आला: अपघात कामगाराच्या हलगर्जीपणामुळे. मला वकिलाचा राग आला, संपादकांचा आला, त्या सभ्य अधिकाऱ्याचा तर फारच आला. आणि खरं सांगायचं तर आत्याचाही आला. तिला स्वतःचा आला होता तो या सगळ्यांच्या वर होता. घरात तिनं शब्दांवरून बोलणंच सोडलं, आणि ती शांतता आम्हाला सोसवेना.

मग तिनं संपादकांना न विचारता 'खंदक' पुन्हा लिहिला. मूळ, दोन्ही अर्थ, शिपायाचं वाक्य, सगळं. लिहिलेलं वाचून दाखवायला तिनं त्याला बोलावलं आणि आपली खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. उभ्यानंच शेवटपर्यंत ऐकलं.

"आता बरोबर आहे," तो म्हणाला आणि विचारलं, "मग हे आधी का नव्हतं, बाई?"

आत्याला संपादकांकडे बोट दाखवता आलं असतं. ती म्हणाली, "मी कापलं. जागा वाचवायला."

"किती वाचली?"

"दोन ओळी."

त्यानं टेबलावरचा रिकामा कप उचलला. "तेवढ्यात माझा पोरगा मावला असता, बाई," तो म्हणाला आणि कप विसळायला गेला.