समुद्राने परत केलेली बांगडी

आमच्या बंदरावर काल जाळ्यात दोन फार जुन्या वस्तू आल्या. एक भोक पाडलेला दगडी नांगर. त्याचा दोर केव्हाच कुजलेला. दुसरी तांब्याची बांगडी, हिरवी पडलेली. लोक हौसेने फोटो काढत होते. मला मात्र शिसारी आली. समुद्र दगड परत देतो, धातू देतो. माणूस तेवढा पचवतो.

पारूमावशी वाकून बांगडी बघत होती. तिचा उजवा हात रिकामा. कोळणी लग्नातच त्या हातातल्या बांगड्या समुद्राला वाहत, नवऱ्याला सांभाळ म्हणून. मावशीचा नवरा वादळात होडीसकट गेला.

तिने पदराने बांगडीवरची वाळू पुसली आणि हळूच म्हणाली, "हिचाबी दादला नाय सांभालला दर्यानं."