झाकणावरचा दगड

आंबलेल्या पिठाचा वास आला की मी अजूनही कल्याण स्टेशनामागच्या त्या बिऱ्हाडात जाऊन पोहोचते. मी देशावरून नुकती नांदायला आलेली, नवरा सदा फिरतीवर, आणि भिंतीपलीकडे मद्रासकडच्या तारमास्तरांची तापाने वाळलेली बायको. दोघींनाही बोलायला दुसरं माणूस नाही, म्हणून खुणांनी बोलायचो. ती मला अक्का म्हणे, मी तिला एकेक मराठी शब्द शिकवायचे. एका संध्याकाळी तिने दमत दमत तांदूळ नि उडदाची डाळ वाटून ठेवली. "वहिनी, हिच्या पोटात काही टिकत नाही," रात्रपाळीला जाताना तारमास्तर म्हणाले, "वाफेवरची इडली तेवढी पचते. उद्या खाईन म्हणतेय. सकाळी बघाल का जरा?" सकाळी गेले तर ती झोपलेली, आणि पातेल्यात आंबूस फेस! आमच्याकडे भिजवलेलं पीठ असं झालं तर टाकूनच देतात. मी भल्या मनाने सगळं गाईला घातलं, भांडं लख्ख घासून ठेवलं. उठल्यावर ते रिकामं भांडं पाहून तिचे डोळेच भरले. "अक्का, कोण?" मी घाबरून म्हटलं, "मांजर." तो शब्द तिला मीच शिकवलेला. तो दिवस तिने नुसत्या पाण्यावर काढला. संध्याकाळी पुन्हा वाटून ठेवलं, झाकणावर दगड ठेवला आणि "आता ये, मांजर!" म्हणत माझ्याकडे बघून हसली. दुसऱ्या सकाळी तसल्याच आंबूस, फेसाळ पिठाची पहिली पांढरीशुभ्र इडली तिने माझ्याच हातावर ठेवली. मी खाल्ली. तिची भाषा येत नव्हती म्हणून सांगायचं राहिलं, असं मी इतकी वर्षं मनाला समजावत आले. पण तिच्या नवऱ्याला मराठी चांगलं येत होतं.